पाटावरून उठताना

आत बसलेल्या माणसाच्या दारावर टकटक करू नये. जेवणाऱ्याला उठवू नये, झोपलेल्याला ओलांडू नये आणि आत बसलेल्याला हाक मारू नये, असं माझी सासू सांगायची. तिचं मी आयुष्यात फारसं ऐकलं नाही, पण हे ऐकलं. म्हणून त्या सकाळी उलव्याच्या फ्लॅटात, चौथ्या मजल्यावर, संडासाच्या गुळगुळीत पांढऱ्या दारावर बाहेरून बोटं वाजली तेव्हा मला वाटलं, एकतर भूकंप झाला नाहीतर आमचे हे गेले. "आजी, बरी आहेस ना? आजी, तू कण्हतेयस." नात होती, कल्पिता. मी कण्हत होते? मी तर गुणगुणत होते. पोटातली कळ जरा विसरावी म्हणून दोन्ही हात ओटीपोटावर दाबून, डोकं बाजूच्या थंड फरशीला टेकवून, समुद्राला हाक घालायच्या ओळी हळू आवाजात म्हणत होते. ज्या आवाजाने मी खाडीपट्टीतल्या निम्म्या पोरींची लग्नं लावली, जो ऐकून प्यालेले बाप्येसुद्धा मांडवात टोपी सरळ करायचे, तो आवाज दाराच्या त्या बाजूला पोचेपर्यंत कण्हणं झाला होता. मी म्हटलं, "गाणं कुठलं आणि कण्हणं कुठलं ते कळत न्हाय, मंग एवढी शिकलीस कनाला? जा, चा ठेव." ती गेली. ती गेल्यावर मी तीच ओळ मुद्दाम पुन्हा म्हणून बघितली. पोरीचं खरं होतं.

दुखणं असं होतं की सांगायला जावं तर ऐकणाऱ्याला हसू यावं. लोकांचं पोट जायच्या आधी दुखतं. मुरडा येतो, धावतात, मोकळे होतात, हुश्श करून बाहेर येतात. माझं सगळं उलटं. आधी काही नाही. बसल्यावर कुंथावं लागायचं, पण ते कुणाला चुकलंय? सगळं आटोपून, पाणी सोडून, लुगडं सारखं केलं की मग बेंबीखालून पीळ पडायला लागायचा, ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांनी पिळावं तसा. वऱ्हाड जेवूनखाऊन निघून गेल्यावर मांडवात भांडण पेटावं, तसं. शिवाय मनात एक खोटी हाक, की अजून आहे, अजून राहिलंय. पुन्हा बसावं तर काही नाही. मग चहा निवेपर्यंत पलंगावर कुशीवर पडून राहायचं, वारा सरला की हळूहळू पीळ सुटायचा, आणि मी उठून सुनेला म्हणायचे, "आज भाजीत मीठ कमी का?" म्हणजे कुणाला संशय नको. घरात आजारी म्हाताऱ्या असतात त्यांच्याशी लोक मोठ्याने आणि हळू हळू बोलायला लागतात, हे मी बघितलेलं होतं. माझ्याशी कुणी हळू बोललेलं मला चालणार नव्हतं.

आणि ही जागा तरी कुठे बांधलीय बघा. अख्ख्या फ्लॅटच्या मधोमध. एका बाजूला हॉल, दुसऱ्या बाजूला देवघर. मुलाकडे, हितेशकडे, ट्रेलरच्या धंद्यातले लोक येऊन सोफ्यावर बसले की त्यांचं डिझेलचं बोलणं मला आत स्वच्छ ऐकू येतं. म्हणजे माझंही त्यांना जात असणार. मग मी धरून ठेवायचे. पाहुणे गेले की जाऊ, सून कामाला निघाली की जाऊ, टीव्हीचा आवाज वाढला की जाऊ. गावाला असं नव्हतं. तेव्हा घरात जागाच नव्हती, आणि ती नसण्यात काय सुख होतं ते या टाइल्सवाल्यांना सांगून कळायचं नाही. उजाडायच्या सुमाराला आम्ही बायका डबे घेऊन मिठागराच्या बांधावर जायचो. एकेकीत चार हातांचं अंतर, पदर डोक्यावर, समोर खाडीचं पाणी, वारा पाठीला. बोलणं तर असं चालायचं की निम्म्या गावाच्या सोयरिकी तिथेच जुळल्या नि निम्म्या तिथेच मोडल्या. उकिडवं बसावं, कुणाच्या तरी सासूचं ऐकावं, आणि काम कधी झालं ते कळूही नये. पावसाळ्यात चिखल असायचा, साप असायचे, ते मी विसरलेली नाही. पण पोट दुखल्याचं आठवत नाही. आमचे हे, दत्तात्रेय, मात्र या खुर्चीसारख्या भांड्यावर पहिल्या दिवसापासून खूश. सकाळी पेपर घेऊन आत जातात ते वाचनालयात गेल्यासारखे, आणि बाहेर येतात तेव्हा मुख्यमंत्र्याला अक्कल शिकवायला मोकळे. त्यांचं पोट आणि त्यांचं डोकं, दोन्ही रोज वेळेवर रिकामं.

आमच्या आगरी लग्नात देवांना भटजी बोलावत नाही. धवलारीण बोलावते. गाऊन. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा, आणि सगळ्यांत मोठा तो देव बसवायचा. त्यात धवलारीण पाटावर मांडी घालून बसते आणि एकेका देवाला नावाने हाक मारते. समुद्राला, खाडीला, शिवेवरच्याला, घरातल्या मेलेल्या थोरांना. एकदा पहिली हाक गेली की शेवटचा देव बसेपर्यंत धवला तुटायचा नाही. तुटला तर निम्मे देव मांडवात, निम्मे रस्त्यावर, आणि रस्त्यावरचे रागावून परत जातात. म्हणून धवलारीण पाट सोडत नाही. मध्ये पाणी पीत नाही, शिंकली तरी सुरात शिंकते. पण देह तर सोबत असतोच ना, तो काय घरी खुंटीला टांगून येता येतो? त्याची रीतही ठरलेली होती. ज्या म्हातारीने मला नि मनुबाईला गाणं शिकवलं तिनेच हेही शिकवलं. लग्नाच्या आदल्या दिवशी सोनामुखीच्या पानांचा काढा घ्यायचा, पोट झाडून लख्ख करायचं, आणि मग लग्न पार पडेपर्यंत पाणी घोटापुरतं. रिकामं मडकं वाजतंही चांगलं, असं ती म्हणायची. मनुबाई माझी जोडीण. धवला दोघींनी म्हणायचा असतो, एकीने ओळ टाकायची, दुसरीने झेलायची, एकीचा श्वास संपला की दुसरीचा सुरू. तिचा आवाज जाडा, माझा बारीक. आम्ही दोघी मिळून एक बाई होतो. मग मनुबाई गेली. पोटानेच गेली. रक्त जात होतं, तिने कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मी तिच्या शेजारी पाटावर बसले होते आणि ती ओळ झेलता झेलता कितीदा थांबली ते मला दिसलं होतं. मला वाटलं, वय झालं.

ती गेल्यावर मी एकटी म्हणायला लागले. ओळ मीच टाकायची, मीच झेलायची. लग्नंही कमी झाली, लोकांना डीजे हवा. पण सोनामुखी राहिली. लग्न असो नसो, झोपायच्या आधी चिमूट, मग दोन चिमटी, मग चमचा. न घेतली तर सकाळी काही होईना, घेतली तर झाल्यावर पीळ. आणि पीळ पडला की मनुबाई आठवायची. आरशासमोर उभी राहून मी माझं तोंड बघायचे. तिचंही शेवटी असंच ओढलं होतं का? मग मी आरशाला जीभ दाखवायचे आणि बाहेर यायचे.

कल्पिताची टकटक झाली त्या दिवशीच दुपारी जेवताना ते उघडं पडलं. तिचं लग्न ठरलेलं, रेवदंड्याचा मुलगा, विपुल, चेहऱ्याने भोळा, म्हणजे माझ्या नातीचा निभाव लागेल असा. देव गावच्या घरीच बसवायचे आणि पाटावर मी बसायचं हे मीच जाहीर केलं होतं. कुणाला विचारायची मला सवय नाही. कल्पिताने भात कालवता कालवता सांगून टाकलं, "पप्पा, आजीचं पोट दुखतं. रोज. टॉयलेटला जाऊन आल्यावर." सून, प्रमिला, घास हातात धरून माझ्याकडे बघायला लागली. हितेश म्हणाला, "आई, व्हय गो?" मी म्हटलं, "न्हाय रं. पोरीला लग्नाच्या आधी सगलीकरं दुखणीच दिसतान." तो ट्रेलरचं चाक तपासावं तसं मला तपासून म्हणाला, "हे बघ, उगाच धडपड नको. तू मांडवात खुर्चीवर बस मानाने. धवल्यांची रेकॉर्डिंग हायत मोबाइलवर, भावकीतल्या विनेशच्या लग्नाला त्यांनी तीच लावली. ब्लूटूथचा स्पीकर हाय आपल्याकडे. रेकॉर्ड काय मधीच उठत न्हाय." आमचे हे ताटातून मान वर न करता म्हणाले, "रेकॉर्डला संडास लागत न्हाय." बाप आणि मुलगा हसले. मीही हसले असते, विनोद बरा होता. पण माझा हात ताटात तसाच राहिला. म्हणजे माझ्या नातीचे देव एका डबीतून बोलावणार. मी समोर खुर्चीवर, हातात सरबत, मानाने. जिवंतपणी हार घातल्यासारखी. मी ताट उचललं आणि म्हटलं, "रेकॉर्डला पोट नसतं म्हणून ती मधी उठत न्हाय. आणि पोट नसलेल्याच्या हाकेला देव येत न्हायत. भुकेल्याचीच हाक लांब जाते." वाक्य चांगलं जमलं होतं. पण आत जाऊन पलंगावर पडले तेव्हा कळलं, मी भ्यालेय. पाट जाईल याला भ्याले, आणि त्याच्याहून खाली, जिथे पीळ पडत होता तिथेच कुठेतरी, मनुबाईला भ्याले.

डॉक्टरकडे कल्पिताच घेऊन गेली. डॉक्टरीण, दीक्षाताई, चाळिशीची, केस बारीक कापलेले, टेबलावर आतड्याचं प्लास्टिकचं चित्र, गुलाबी, लाटालाटांचं, ओहोटीला खाडीतल्या चिखलावर उमटतं तसं. तिने कल्पिताला बाहेर बसवलं, हे मला आवडलं. मग तिने जे विचारलं ते माझ्या नवऱ्यानेही संसारात कधी विचारलं नव्हतं. रोज जाता का, घट्ट होतं का, जोर करावा लागतो का, पूर्ण झाल्यासारखं वाटतं का, रक्त जातं का, काळं होतं का, वजन उतरलंय का, रात्री दुखण्याने जाग येते का. मी आधी गोल गोल बोलले, परसाकडे, तिकडे, ते. ती म्हणाली, "आजी, मला दिवसभर हेच ऐकायचं असतं. मला लाजलात तर माझं पोट कसं भरायचं?" मग मीही सोडलं, आणि एकदा सोडल्यावर मला थांबवणं तिला जड गेलं. सोनामुखी सांगितली, धरून ठेवणं सांगितलं, पाणी न पिणं सांगितलं, हॉलमधला सोफा सांगितला. शेवटी मनुबाई सांगितली. ती लिहायची थांबली. म्हणाली, "या वयात सवय बदलली, दुखायला लागलं, तर अंदाजावर सोडायचं नाही. आत दुर्बीण घालून बघून घेऊ. बहुतेक काही निघणार नाही, पण बघितल्याशिवाय तुम्ही मनुबाईंना रोज आरशात बघत राहाल." आरशाचं मी तिला सांगितलं नव्हतं. बायका बायकांना ओळखतात.

दुर्बिणीच्या आधी पोट साफ करायचं औषध देतात. नर्स मला समजावून सांगायला लागली तेव्हा मी म्हटलं, "बाय, पोट झाडायचं मला शिकवू नको, मी त्याच्यातली जुनी हाय." त्यानंतरचं फारसं आठवत नाही, झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. एवढं आठवतं की डोळे मिटता मिटता वाटलं, कुणीतरी कंदील घेऊन माझ्या आतल्या बोळातून चाललंय, आणि मनुबाई तिथेच कुठेतरी कोपऱ्यात बसलीय. जागी झाले तेव्हा दीक्षाताई उभी. "आजी, रस्ता स्वच्छ आहे. गाठ नाही, जखम नाही, काही नाही." मी म्हटलं, "कुणी बसलेलं दिसलं नाही ना?" ती हसली, तिला वाटलं भूल उतरली नाही. मी भिंतीकडे तोंड करून थोडी रडले. माझ्यासाठी नाही. मनुबाईच्या आत असा कंदील कुणी नेलाच नाही, म्हणून.

मग तिने दुखण्याचं मूळ सांगितलं, आणि ते एवढं साधं होतं की मला रागच आला. आतडं म्हणजे पाण्याचा पाइप नव्हे, ते स्नायूचं असतं, आवळतं, सैल होतं, ढकलतं. मी पाणी पीत नव्हते, म्हणून मळ खडा झालेला. धरून ठेवून ठेवून खालचं दार उघडायचं विसरलेलं. त्यावर सोनामुखी आतड्याला चाबूक मारते. "म्हणजे एकाच बैलाला तुम्ही मागून हाकता आणि पुढून वेसण ओढता," ती म्हणाली. "तो गाडी ओढून नेतो बिचारा, पण पोचल्यावर त्याच्या अंगात गोळे येणारच. तेच तुमचं नंतरचं दुखणं. लग्नाच्या आदल्या दिवशी जे करायचं ते तुम्ही वर्षानुवर्षं रोज करताय. तुमच्या पोटाला वाटतं, उद्या लग्न आहे." सोनामुखी हळूहळू बंद. इसबगोल, तेही भरपूर पाण्यातून, कोरडं नाही. पाणी दिवसभर, भाजी, पेरू, पपई, संध्याकाळी चालणं. सकाळच्या चहानंतर पोट आपोआप जागं होतं, तेव्हा जायचं, आणि हाक आली की जायचं, सोफ्यावर कुणीही बसलेलं असो. कुंथायचं नाही. पायांखाली बुटका पाट घ्यायचा, गुडघे वर, जरा पुढे वाकून, म्हणजे बांधावर बसल्यासारखं. "आणि पोट सैल सोडायचं, श्वास लांब बाहेर. तुम्ही गाता ना? दोन ओळींच्या मध्ये सोडता तसा." शेवटी बोट उगारून म्हणाली, "रक्त दिसलं, काळं झालं, वजन उतरायला लागलं, तर रीत, मान, लग्न काही बघायचं नाही. सरळ इथे यायचं." मी म्हटलं, "येते गो." असं बोट दाखवून मला आजवर माझ्या बापसानेही दटावलं नव्हतं.

घरी आले तर पाटावरून महाभारत. पायांखाली घ्यायच्या उंचीची एकच वस्तू घरात होती, माझा धवल्याचा पाट. प्रमिला तो घेऊन निघालीसुद्धा! मी ओरडले, "ठेव तो खाली! ज्याच्यावर बसून मी खाडीला हाक मारली त्याच्यावर पाय देऊन मी काय हे करू?" ती बिचारी म्हणाली, "मंग बादली उलटी घाला." आमचे हे चप्पल घालून बाहेर पडले. गावाला गेले होते, तिथल्या पडवीत मिठागरावर मीठ ओढायची जुनी फळी पडून होती, ती सुताराकडून कापून, चार बुटके पाय ठोकून घेऊन आले. खारवलेलं, पांढरं पडलेलं लाकूड. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "याच्यावर कुठला देव बसलेला न्हाय. फक्त मीच घाम गाळलाय." लग्नाला एवढी वर्षं झाली, या माणसाने मला आजवर एक गजरा आणला नाही. आणि आणलं ते हे. मी म्हटलं, "पाय जरा वाकडा ठोकलाय सुताराने." पण ती फळी मी स्वतः उचलून आत नेली.

पहिल्यांदा त्या फळीवर तळवे टेकले आणि डोळे मिटले तेव्हा टाइल्स गेल्या. बांध आला. मिठाचा तो कडवट ओला वास लाकडात अजून होता, की माझ्याच नाकात होता, सांगता येत नाही. पोट सैल सोड, म्हणाली होती. कसं सोडायचं? आयुष्यभर आवळूनच तर ताठ बसले. सासूसमोर आवळलं, मांडवात आवळलं, मनुबाईच्या मयताला रडू आवळलं, सोफ्यावरच्या पाहुण्यांसाठी आवळलं. ताठ बाई म्हणजे काय, आवळलेली बाई. मग आठवलं, दोन ओळींमधला श्वास. मनुबाई असताना मी माझी ओळ टाकायचे आणि ती झेलेपर्यंत पोट आपोआप खाली सुटायचं, कारण पुढचं ओझं तिच्याकडे गेलेलं असायचं. ती गेल्यापासून तो श्वास मी घेतलाच नव्हता. ओळ मीच, झेल मीच, मग सोडायचं केव्हा? त्या सकाळी फार काही झालं नाही. पण पीळ आला तो अर्धाच आला.

टकटकीचा प्रश्न मात्र राहिला, कारण कल्पिताचा जीव थोडा. मी आत जरा रेंगाळले की ती दाराशी. शेवटी मी तह केला. म्हटलं, "दारावर बोट लावायचं न्हाय. लईच काळजी वाटली तर बाहेरून धवल्याची एक ओळ म्हण. मी पुढची म्हटली की समज, आजी बरी हाय." ती म्हणाली, "ए आजी, मला कुठे येतात ओळी?" "मंग शीक. लग्न तुझं हाय, निदान कोण कोण देव येणार ते तरी म्हाईत पायजे." तर रोज सकाळी असं चालायचं. ती ऑफिसची बॅग खांद्याला लावून, दाराबाहेर उभी राहून, मोबाइल बघत म्हणायची, "दर्यादेवा, भरतीच्या पान्यानी या." मी आतून, "माझे बायचे मांडवाला पाट टाकलाय." की ती बस पकडायला पळे. सोफ्यावर कुणी असलं तर त्याला वाटायचं, या घरात सकाळची पूजा संडासात करतात. वाटू दे. हितेश एकदा म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना विचार त्यांचं पोट कवा साफ होतं. कुणी खरं सांगितलं तर मी गायचं बंद करीन." ओळी रोज पुढे सरकत गेल्या. दर्यापासून घरच्या थोरांपर्यंत ती कधी पोचली ते मला कळलंही नाही, आणि रोजचा पीळ आठवड्यातून एखाद्या वेळेवर कधी आला, तेही. एके दिवशी मी बाहेर येऊन चहा प्याले, पेला विसळला, आणि मग लक्षात आलं की आज दुखायचं राहून गेलं.

लग्नाला गावी गेलो. तुळशीचं लग्न होऊन गेलेलं, हवा कोरडी, मांडवावरचे आंब्याचे टहाळे अजून हिरवे. हितेशने जुन्या घराला मागच्या बाजूने नवं न्हाणीघर काढलंय, संडासाची खिडकी थेट मांडवात उघडते. कुठल्या शहाण्याने नकाशा काढला त्याचं नाव मी विचारून ठेवलंय. आदल्या रात्री हात सवयीने सोनामुखीच्या डबीकडे गेला. डबी मी आणलेली होती. का आणली, ते मला विचारू नका. उघडली, वास घेतला, बंद केली. सकाळी पाणी प्याले, पोटभर, आणि हळदीच्या मांडवात माझ्या पाटावर जाऊन बसले. समोरच्या पाटावर कल्पिता, डोक्याला मुंडावळ्या, गालाला हळद, आणि अख्खं भावकीचं गाव भोवती. हितेश मागे खांबाला टेकून उभा. त्याच्या खिशातला मोबाइल आणि टेबलाखाली लपवलेला स्पीकर, दोन्ही मला दिसत होते. मी त्याच्याकडे बघून पहिली हाक घातली. आवाज गेला तो थेट बांधापर्यंत गेला असणार, कारण खालच्या आळीतली कुत्री उठली. दर्याला बोलावलं, त्याच्या आठ दिशांना बोलावलं, आणि ओळीच्या शेवटी पोट सैल सोडून श्वास घेतला तेव्हा आतून दुसरीच हाक आली.

चहाची वेळ. पोट जागं झालं होतं, दीक्षाताईने शिकवल्यासारखं, घड्याळाला लाजवील असं. पूर्वीची मी असते तर दात आवळले असते, आणि धवला संपेपर्यंत ते खडक झालं असतं. आताही आवळलं, एक ओळ, दोन ओळी. पाट सोडायचा नाही. गावातली प्रत्येक म्हातारी माझं तोंड बघत होती. गोदूबाई उठली, असं पुढची वीस वर्षं सांगतील. देव रस्त्यावर राहिले, पोरीच्या संसाराला काही झालं तर माझ्या पोटाला लावतील. खांबापाशी हितेशचा हात खिशाकडे गेला. आणि ओळ टाकता टाकता मला ओटीपोटात तो जुना पीळ वळायला लागलेला कळला, म्हणजे दुखणं मी आता बसल्या जागी परत तयार करत होते, माझ्या हाताने, सगळ्यांसमोर, मानाने. कल्पिताने मुंडावळ्यांच्या आडून माझ्याकडे बघितलं. कुजबुजली, "आजी, जा." मी सुरातच म्हटलं, "देव कुठं ठेवू?" ती म्हणाली, "मी धरते."

नवरीने आपल्या हळदीत तोंड उघडायचं नसतं. मी कधी बघितलं नाही, कुणी ऐकलं नाही. मी ओळ टाकली आणि पाटावरून उठले. मांडवात असा सन्नाटा झाला की माझ्या जोडव्यांचा आवाज ऐकू आला. पदर खोचला, मान ताठ ठेवली आणि मागे चालू लागले. पाठीमागे हितेश पुढे सरकला असणार, कारण आमच्या ह्यांचा आवाज आला, "हात खिशातून काढ, गाढवा." आणि मग कल्पिताचा आवाज लागला. हळदीने चिकटलेल्या ओठांचा, जरा कापरा, आणि जाडा. जाडा! दाराच्या पलीकडून मला कधी कळलं नव्हतं. मनुबाईसारखा जाडा.

आमच्या ह्यांनी फळी तिथे आधीच आणून ठेवली होती, वाकड्या पायाची. मी तळवे टेकले. खिडकीतून मांडव आत येत होता, हळदीचा वास, पोरांची रडारड, आणि त्या सगळ्यावर तिची ओळ. कुणीतरी दुसरं ओझं धरलेलं होतं. पोट आपोआप खाली सुटलं. मी जोर केला नाही. बाहेर कल्पिता दर्यादेवाला बसवून, धांदलीत, सरळ घरच्या थोरांना हाक मारायला लागली. मला राहवेना. मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, "ए भवाने! आगुदर खाडीला बोलव! दर्याच्या मागून खाडी, मंग शीव, मंग घरातले! तिला इसरशील तर भरतीला मांडव वाहून नेईल!" बाहेर अख्खा मांडव खो खो हसला. बायका हसल्या, बाप्ये हसले, रेवदंड्याहून आलेली विहीणसुद्धा हसली. त्या हसण्यातून कल्पिताने आवाज वर काढला, मुद्दाम, दारावर बोटं वाजवावीत तसा:

"खाडीबाय, वलान घेत घेत ये गो..."

ती थांबली. मांडव थांबला. मला कळलं, ती विचारतेय. मी पोटातून, कुठेही न आवळता, माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत लांब श्वासाने आतून ओळ झेलली:

"तुझे लेकीचे अंगाला हलद लागली."

पुढची ओळ तिने घेतली. त्याच्या पुढची मी. मी पीळ यायची वाट बघितली, उशिरा येणाऱ्या नातलगाची बघतात तशी. आला असेल तर गाण्यातच कुठेतरी बसला असेल. बाहेर देव बसत होते, आत मी बसले होते. घाई कुणालाच नव्हती.